सहाशे रुपयांचा डेक

‘वहिनींच्या डेकची यादी मिळेल काय?’ असा मेसेज मंगळवारी सकाळी ग्रुपवर आला, तेव्हा मी उद्यमबागेतल्या फौंड्रीत पंपाच्या कास्टिंगवर खडूनं फुल्या मारत उभा होतो. माझं कामच ते आहे. ओतून आलेल्या लोखंडात कुठं बुडबुडा राहिलाय, कुठं चीर गेलीय ते बघायचं आणि फुली मारायची. मेसेज वाचला, फोन खिशात टाकला, पुढच्या कास्टिंगवर फुली मारली. दोन पावलं गेल्यावर लक्षात आलं की त्या कास्टिंगमध्ये खोट नव्हतीच. परत जाऊन बोटानं फुली पुसली. वहिनी म्हणजे श्रद्धा, माझी बायको. आणि डेक म्हणजे साठ पत्त्यांचा गठ्ठा, जो घेऊन आम्ही दहा-बारा जण दर रविवारी टिळकवाडीत सुहासच्या स्टेशनरी दुकानावरच्या माडीत खेळायला बसतो. आठ वर्षं मी तिथं जातोय. श्रद्धा सहा महिने. आठ वर्षांत माझ्या डेकची यादी एकाही शहाण्यानं मागितली नाही. बरं, मागणारा कोण, तर आदर्श; गोगट्यांच्या सर्कलजवळच्या रूमवर राहून इंजिनिअरिंग करणारा, ज्याला पत्ते पिसायला मी शिकवलं. ‘काय’ म्हणे. ‘मिळेल काय.’ केवढी ती नम्रता! माझ्याशी बोलताना मात्र ‘जिनूदादा, तुमचं काय, पैशाचा डेक’ असं तोंडावर हसून म्हणायचा, आणि मीही हसायचो, कारण त्यात कौतुक आहे असं मला वाटायचं.

हा रमी-तीनपत्तीतला प्रकार नव्हे, हे मी आईला आठ वर्षं समजावतोय आणि आई आठ वर्षं म्हणतेय, “लगीन झालेला बाप्या पत्ते कुटतोय, आनी वर सांगालाय की ह्ये वायलं पत्तं हाईत.” वेगळेच आहेत. हजारो निरनिराळी पानं छापली जातात, प्रत्येकावर एखादा प्राणी नाही तर एखादा मंत्र, आणि त्यातून आपापली साठ निवडून प्रत्येकानं आपला डेक बांधायचा. दोघांना वीस-वीस प्राण. समोरच्याचे शून्य केले की जिंकलो. खेळ निम्मा टेबलावर असतो आणि निम्मा त्या निवडण्यात. पाकीट फोडलं की त्यात बहुतेक भरताड निघतं, पाच रुपयाला कुणी विचारत नाही असं, आणि शंभर पाकिटांत एखादं पान असं निघतं की त्याच्यासाठी माणसं पगार घालतात. मी घातलाय. माझ्याकडं चार ग्लास ड्रॅगन आहेत. चार! बेळगावात दुसऱ्या कुणाकडं एकसुद्धा नाही. चमकी असलेलं पान, उजेडात धरलं की पंखांतून निळसर रेषा पळते. पहिला आला त्या दिवशी मी तो उशाशी घेऊन झोपलो होतो. तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, म्हणून कुणी बघितलं नाही.

“मला बी शिकवा की,” असं श्रद्धा मार्च महिन्यात म्हणाली. मी खूश झालो. खोटं कशाला बोलू, खरंच झालो. रविवारी घरी एकटीच बसून काय करणार, आणि आपली बायको आपल्या छंदात येते म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? तिच्यापुढं मी बुटाचा एक खोका ठेवला, आठ वर्षांच्या भरताडानं भरलेला, आणि म्हणालो, “ह्यातनं काय पायजे ते घे. वर आनी लागली तर सहाशेपतोर इकत घेऊ. आधी शीक, मग बघू.” सहाशे हा आकडा मी का काढला कोण जाणे. त्याच महिन्यात मी स्वतःसाठी चौथा ड्रॅगन मागवला होता. जेवणं झाल्यावर तिनं खोका फरशीवर उपडा केला, पदर खोचला आणि मांडी घालून बसली. निपाणीच्या अलीकडच्या गावात तिच्या वडलांची तंबाखूची वखार होती; लहानपणी सुट्टीत ती पानं निवडायला बसायची हे मला लग्नाआधी पाहुण्यांनी सांगितलं होतं, पण ते बसणं कसलं असतं ते मी त्या दिवशी बघितलं. एकेक पत्ता हातात घेऊन, उलटून, वाचून, डावीकडं, उजवीकडं, समोर, मांडीपाशी असे चार ढीग. घाई नाही, पण हात थांबतही नाही. मी सोफ्यावर आडवा होऊन मजा बघत होतो.

“हे बेडकाचं पान तुमच्याकडं अकरा हाईत,” ती म्हणाली. “एवढी कशाला घेटलासा?”

“घेटल्यात कुठं? पाकिटातनं येत्यात. भरताड हाय ते.”

“कुणीच वापरत न्हाई?”

“कोन वापरनार गं? एवढंसं बेडूक, एका फटक्यात मरतंय.”

“मेल्यावर गठ्ठ्यातनं दुसरं बेडूक काडून मांडायचं म्हनून हितं लिवलंय की.” तिनं इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. मग बराच वेळ दुसऱ्या ढिगात काहीतरी शोधत राहिली आणि एक पान काढून बेडकाशेजारी ठेवलं. सॉल्ट रेन. मिठाचा पाऊस पडतो आणि टेबलावरचे सगळे बारके प्राणी मरतात, आपले आणि समोरच्याचे. तेही आमच्यात कुणी लावत नाही, कारण आपलेच मरतात. “मग आपनच मारायचं,” श्रद्धा म्हणाली. “त्येंचं मेलं की मेलं. आमचं मेलं की दुसरं येतंय.” मी हसलो. मोठ्यानं हसलो. आईला हाक मारून सांगितलं की तुझी सून स्वतःच्याच बेडकांना मिठानं मारून लढाई जिंकणार आहे. आई म्हणाली, जीव मारायचं असलं कसलं बाई खेळ, आणि आत गेली. श्रद्धापण हसली. पण ती दोन पानं तिनं खोक्यात परत टाकली नाहीत. आठ दिवसांत डेक बांधून झाला. सहाशेतले एकशे चाळीस उरले, ते तिनं डब्याखाली ठेवले आणि मला तसं सांगितलं.

पहिले अकरा रविवार ती हरली. ते अकरा रविवार आमच्या संसारातले सगळ्यात चांगले म्हणायला हवेत. येताना मी तिला खडेबाजारात कुंदा खायला न्यायचो, गाडीवर मान मागं वळवून तिच्या चुका समजावून सांगायचो, आणि ती मागून ‘व्हय, व्हय’ करत माझ्या खांद्यावर हात ठेवायची. हरणाऱ्या बायकोवर माया करायला काय लागतं? बाराव्या रविवारी तिनं आदर्शला हरवलं. मी टाळ्या वाजवल्या. तेराव्याला सुहासला. तेव्हा मी म्हणालो, पानं चांगली आली आज तुला. जुलैच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं समोरासमोर आलो आणि माझे दोन ड्रॅगन टेबलावर असताना तिनं शांतपणे मिठाचा पाऊस पाडला, स्वतःचे तीन बेडूक मारले, गठ्ठ्यातून तीन काढून मांडले, पुढच्या वेळी परत, त्याच्या पुढच्या वेळी परत, आणि ड्रॅगननी ह्याला खावं की त्याला, अशी माझी गत झाली. बारक्या बारक्या चाव्यांनी माझे वीस प्राण संपले. माडीवरची सगळी पोरं आमच्या टेबलाभोवती. “अरे वा वा वा!” करून सुहासनं तिला हात जोडले. मी पण हसत होतो. माझे गाल दुखत होते, एवढं मला आठवतं.

त्यानंतर घरी मी तिच्याबरोबर सराव करायचं सोडलं. पाठ दुखते म्हणालो. तिचे पत्ते टेबलावर पडलेले दिसले की मी ते उचलून बघायचो, कास्टिंग बघतो तसा, कुठं बुडबुडा आहे म्हणून. एकदा सल्लाही दिला. “बेडूक काड आता,” म्हणालो, “लोकास्नी तुजं डाव कळालंय. ससाणं घाल चार.” मला माहीत होतं की ससाण्यांनी तिचा डेक मोडणार. तिनं मन लावून ऐकलं, ससाणे घातले, दोन दिवस एकटीच फरशीवर बसून खेळून बघितलं आणि मग म्हणाली, “न्हाई जमालं ओ. तुमी सांगिटलासा म्हनून लई बघितलं.” वाईट वाटल्यासारखी म्हणाली, माझा सल्ला वाया गेला म्हणून. मला तेव्हा तिचा असा राग आला की मी उठून बाहेर जाऊन गाडी पुसत बसलो. हे माझ्यात आधीपासून आहे, उगाच पत्त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. संकेश्वरला चुलत्यांकडं शिकायला होतो तेव्हा चुलतभाऊ कुंथुनाथ आणि मी एकाच पाठशाळेत जायचो. स्तोत्रपाठाची स्पर्धा होती. मी चार महिने पाठ करत होतो, तो पंधरा दिवस. त्याचा आवाज चांगला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, त्याला खोकला आहे हे माहीत असून, मी त्याला स्टँडजवळच्या गाड्यावर नेऊन बर्फ घातलेला उसाचा रस पाजला, दोन ग्लास, माझ्या खाऊच्या पैशातून. दुसऱ्या दिवशी त्याचा घसा बसला. घोगऱ्या आवाजात तसाच म्हणत राहिला, मध्ये खोकला, परत म्हणाला, आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले. चांदीचा पेला त्यालाच मिळाला. घरी येताना तो मला म्हणाला, जिनू, तू मला रस पाजलास, तुझ्या मनात किती आहे माझ्याबद्दल. कुंथुनाथ आता पुण्यात असतो. दरवर्षी फोन करतो.

तर त्या मंगळवारी आदर्शनं यादी मागितली, आणि बुधवारी सुहासनं जाहीर केलं की येत्या रविवारच्या स्पर्धेत जो जिंकेल त्याला नोव्हेंबरात बेंगळूरच्या मोठ्या स्पर्धेत जागा. एकच जागा. बेळगावला ती पहिल्यांदाच मिळत होती. रात्रंदिवस मला तेच दिसायला लागलं. मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, गळ्यात नावाची पट्टी, जिनेंद्र मगदूम, बेळगावी. आठ वर्षं मी ह्याच्यासाठी घालवली होती. माझा पगार घातला होता, आईची बोलणी खाल्ली होती. आणि मला स्वच्छ दिसत होतं की ती जागा माझ्या आणि त्या बेडकांच्या मधे होती. दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हा भाद्रपदातलं दशलक्षण पर्व चालू होतं. आमच्या गल्लीत एका बाजूला गणपतीचा मांडव, दुसऱ्या टोकाला आमची बस्ती, म्हणजे जैन मंदिर, दोन्हीकडचे कर्णे एकमेकांवर. श्रद्धानं दहा दिवस एकाशनाचा नियम घेतला होता. दिवसातून एकदाच जेवायचं, एका बैठकीत. पाणीसुद्धा त्याच वेळी. एकदा पाटावरून उठलं की दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. सूर्य मावळल्यावर तर नाहीच नाही. आणि आमच्या घरची एक जास्तीची पद्धत, जी आई तिच्या सासूपासून पाळत आली: एकाशनाला बसणाऱ्यानं स्वतःच्या हातानं वाढून घ्यायचं नाही, घरच्या माणसानं वाढायचं. श्रद्धानं बस्तीत देवासमोर नियम घेताना तेही म्हणून घेतलं होतं. रोज दुपारी आई वाढायची. पण रविवारी आईला संकेश्वरला मावशीकडं जायचं होतं आणि दुपारी तर आम्ही सुहासच्या माडीवर. “मी वाडतो की,” मी म्हणालो. “सेमीफायनल झाली की आर्धा तास सुट्टी हाय. साडेपाचला बसशील निवांत. साडेसहापतोर हाय की सूर्य.” हे मी मनापासून म्हणालो. शनिवारी मी असा होतो.

रविवारी पिरपिर पाऊस. सुहासनं माडीच्या मागची खोली तिच्यासाठी झाडून, पुसून दिली होती, तो आमच्या जैनांतला नसूनही. तिथं श्रद्धानं पाट मांडला, डबा ठेवला, उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या झाकून ठेवला. शनिवारी दुपारी एकला ती शेवटचं पाणी प्यायली होती. सकाळी दहापासून ती एकेक सामना जिंकत होती. ओठ सुकलेले, पण चेहरा असा निवळलेला, की समोर बसणारा आपोआप हळू बोलायचा. तिची सेमीफायनल पाचलाच संपली. माझी आदर्शबरोबर चालू होती. सेमीफायनलला वेळेचं बंधन नसतं. पाच-वीस झाले होते. आदर्शचे सहा प्राण उरले होते, त्याच्याकडं अडवायला कुणी नव्हतं, आणि मी गठ्ठ्यातून पान उचललं तर ग्लास ड्रॅगन. सहाचा फटका. मांडला की खेळ संपला. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. श्रद्धा ताट पुसत होती. पुसून तिनं ते पाटासमोर ठेवलं, सरळ केलं, आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली. मी ड्रॅगन इतर पानांच्या मागं सरकवला आणि एक बारकं पान मांडून म्हणालो, “तुझी पाळी.”

मी काही ठरवलं नव्हतं. खरंच सांगतो. पहिल्यांदा वाटलं, एक फेरी थांबू, आदर्शच्या हातात काही अडवणूक असेल तर कळेल. ह्याला सावध खेळ म्हणतात. पुढच्या फेरीला तो विचार संपला होता, तरी मी थांबलो. मग मी विचार करायला लागलो, म्हणजे विचार करतोय असं दिसायला लागलो. कपाळावर हात, पानं पुढं-मागं, एकदा सगळी खाली ठेवून चष्मा पुसला. खाली मांडवात आरती सुरू झाली. मला भिंतीवरचं घड्याळ न बघता कळत होतं. पोटात कसलीतरी ऊब पसरत होती, थंडीत चहा प्यायल्यासारखी. उपाशी माणूस कसा खेळतो? तहानलेला? सव्वा दिवस पाणी नसलं तर डोकं किती चालतं? हे प्रश्न माझ्या मनात शब्दांनी आले नाहीत. आले असते तर मी त्यांना हाकललं असतं, मी एवढा वाईट नाही. पावणेसहाला ती उठून माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. बघणाऱ्यानं बोलायचं नाही असा नियम आहे, ती बोलली नाही. तिच्या साडीला कापराचा वास येत होता. माझी पानं मी हातात पंख्यासारखी धरली होती. ती थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली. “जिनू, जरा उरक की रं,” सुहास म्हणाला. “सामना हाय, भाजी निवडत न्हाई मी,” मी खेकसलो. सहा-दहाला सुहास मागच्या दारात जाऊन म्हणाला, “वहिनी, मी वाढू काय? अंघोळ केलीय सकाळी, घेतलंय पण नुसतं दूध.” आणि मला तिचा आवाज ऐकू आला, कोरडा, “नको भाऊजी. हे येतील.”

हे येतील. मी तिथंच बसलो होतो, बारा पावलांवर. आदर्शनं दोनदा मला मारायची संधी घालवली, बिचाऱ्याला माझ्या शांतपणाची भीती वाटत होती. सहा-पस्तीसला मी ग्लास ड्रॅगन मांडला. आदर्श म्हणाला, आत्ता आला होय! मी म्हणालो, आत्ताच आला. आणि उठून धावतच मागच्या खोलीत गेलो. ती ताट कापडात गुंडाळत होती. खिडकीतून आभाळ राखाडी, सूर्य दिवसभर दिसलाच नव्हता.

“चल, बस, वाडतो.”

“झाली की येळ.”

“पाच मिंटं उशीर झालं तर काय हुतंय? आभाळ हाय नुसतं, सूर्य कुटं दिसालाय?”

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. मी काहीतरी विसरलोय आणि ते मला आठवेपर्यंत थांबावं, असं. मग तिनं तांब्यातलं पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं आणि “चला,” म्हणाली.

फायनलबद्दल ग्रुपवर बरंच लिहून आलं. चुरशीची झाली म्हणतात. मला आठवतात ते तिचे हात. रोज कसे न थांबता चालायचे, आज प्रत्येक पानापाशी घुटमळत होते. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती, मध्येच डोळे मिटून घ्यायची. तरी माझे तीन प्राण उरले. तिचे चार. तिनं मिठाचा पाऊस पाडला, तिचे दोन बेडूक मेले, माझं सगळं बारकं मेलं. आता गठ्ठ्यातून दोन बेडूक काढून मांडायचे की पुढच्या फेरीला मी संपलो. पण ते तोंडानं सांगून लगेच काढावे लागतात. समोरच्यानं त्याचं पान उचललं की हक्क गेला. सहा महिन्यांत ती हे एकदाही विसरली नव्हती. तिनं मेलेले बेडूक बाजूला ठेवले, हात गठ्ठ्यापर्यंत नेला, आणि तो हात तिथंच राहिला. डोळे मिटलेले. “तुमची...” ती म्हणाली. पुढचं बोलायच्या आत मी माझं पान उचललं. इतक्या घाईनं उचललं की गठ्ठा सांडला. तिनं डोळे उघडले, आधी माझ्या हातातलं पान बघितलं, मग तिचे बेडूक. “गेलं,” असं स्वतःशीच म्हणाली. नियमात सगळं बरोबर होतं. सुहासनं पुस्तक काढून खात्री केली. अडवायला तिच्याकडं काही उरलं नव्हतं; माझ्या ड्रॅगननं तिचे चार प्राण घेतले आणि सुहासनं माझा हात धरून वर केला. टाळ्या झाल्या. बऱ्याच झाल्या. आदर्श मात्र वाजवता वाजवता तिच्याकडं बघत होता.

गाडीवरून घरी येताना ती माझ्या पाठीला कपाळ टेकून बसली होती. मला वाटलं झोप लागली. अनगोळच्या फाटकापाशी रेल्वेसाठी थांबलो तेव्हा मागून तिचा आवाज आला. “मी मागं उभारलो हुतो तवा ते पान तुमच्या हातात हुतं.” तिच्या माहेरी बायका कधीकधी असं पुरुषासारखं बोलतात, दमली की ती तशी बोलते. मी म्हणालो, “कुटलं पान?” रेल्वे आली, मोठा आवाज करत गेली, फाटक उघडलं. तिनं परत कपाळ टेकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं वाढलं तेव्हा, आई सांगते, तिनं पहिल्यांदा तांब्याभर पाणी प्यायलं आणि मग जेवण गेलंच नाही.

सोमवारी ग्रुपवर मला एकूण सात अंगठे आले. आणि खाली आदर्शचा मेसेज: ‘वहिनी, यादी?’ मग सुहास: ‘हो वहिनी, सगळ्यांना पायजे.’ मी जिंकलो होतो! बेंगळूरला मी जाणार होतो! आणि यादी हरलेल्या डेकची मागत होते. तिनं संध्याकाळी ती टाकली, साठच्या साठ पानं, किमतीसकट, आणि खाली लिहिलं, ‘खोका यांचा होता.’ ते वाक्य मी किती वेळा वाचलं त्याला गणती नाही. मला ते बोचत होतं आणि हवंही होतं. फौंड्रीत, जेवताना, अंघोळीला गेल्यावर मी एक वाक्य तयार करत होतो. मी मुद्दाम केलं. तुझा हेवा वाटला म्हणून केलं. पहिल्या अर्ध्याला जीभ तयार व्हायची, दुसऱ्याला नाही. पण पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी क्षमावाणी असते, लहानमोठे सगळे एकमेकांपुढं हात जोडून क्षमा मागतात, आणि मी ठरवलं होतं की त्या दिवशी मागायची. त्या दिवशी मागणं सोपं असतं. काय, कधी, कशाला, असं त्या दिवशी कुणी विचारत नाही, ते शोभतच नाही. ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं, समोरचाही तेच म्हणतो, की वर्षाचं धुवून निघतं. निदान घरात बोलणं तरी पहिल्यासारखं सुरू होईल. ती बोलायची थांबली नव्हती तसं. डबा भरून द्यायची, चहा विचारायची. रात्री फरशीवर पत्ते मांडून बसायची तेवढं बंद झालं होतं.

क्षमावाणीच्या सकाळी बस्तीतून आल्यावर आई झोपाळ्यावर बसली. श्रद्धानं तिच्या पाया पडून क्षमा मागितली. मग माझ्यापुढं आली, डोक्यावरून पदर घेऊन, दोन्ही हात जोडून. “वरीसभरात कळत-नकळत माझ्याकडनं काय चुकलं असंल तर उत्तम क्षमा.” तिचा आवाज स्वच्छ होता. तिनं काय चुकवलं होतं? काही नाही. मला गहिवरून आलं आणि मीही हात जोडले. “माझ्याकडनं बी कळत-नकळत काय चुकलं असंल तर उत्तम क्षमा,” मी म्हणालो, आणि हात खाली घ्यायला लागलो.

“कशाबद्दल?” श्रद्धा म्हणाली.

आईनं पायानं झोपाळा थांबवला. असं कुणी विचारत नाही. श्रद्धाचे हात तसेच जोडलेले होते, आणि ती वाट बघत होती. टोमणा नव्हता, चेहऱ्यावर नुसती वाट होती, मी बोललो असतो तर तिथल्या तिथं सगळं मिटवून टाकायला तयार असलेली. वाक्य माझ्या तोंडात होतं. आठ दिवस मी तेच घोळवत होतो. आई बघत होती. मला वाटलं, हिला सांगितलं की ही क्षमा करणार, लगेच करणार, आणि मग त्यातही हीच वरचढ.

“कशाबद्दल म्हंजे?” मी म्हणालो. “असंच. पद्धत हाय की.”

“बरं,” ती म्हणाली. “मग त्याबद्दल केली.” तिनं हात सोडले आणि दारात शेजारच्या पद्मजाकाकू आल्या होत्या त्यांच्यासाठी पाट मांडायला गेली.